टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप आणि भरवशाचा गेज, नक्की काय घ्यावं?

गोदाकाठी
मंडळी, मदत हवीये. गाडी पाच जणांची हॅचबॅक, टायर १८५/६५ आर १५, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर हवेचा दाब ३३ पीएसआय लिहिलाय. इथे नाशकात गंगापूर रोडला पेट्रोल पंपावरच्या मशीनने ३३ भरली, तिथून मुंबई नाक्याजवळ एका पंक्चरवाल्याकडे गेलो तर त्याचा गेज म्हणतो ३७, आणि घरी आल्यावर शेजाऱ्याचा तो बॅटरीवाला पंप लावला तर ३४.५. एकच टायर, एकच संध्याकाळ, आकडे तीन. आता ठरवलंय की आपला स्वतःचा पंप घ्यायचा, म्हणजे पेट्रोल पंपावर 'मशीन बंद आहे' ऐकायला नको. पण वायरवाला घ्यावा का बॅटरीवाला? आणि गेज वेगळा घ्यायचा की पंपातलाच चालतो? बजेट दोन-तीन हजार. घरी एक स्कूटर आणि मुलाची सायकल पण आहे. वापर शहरातच जास्त, पण मुंबईला जाणं असतं आणि आता समृद्धीवरून संभाजीनगरला पण वरचेवर जावं लागतं.

तर्रीबाज
तीन आकड्यांची बेरीज करा, तीनने भागा आणि मिसळ खायला या. ३४.८३ येतंय.

कसारा_पॉइंट
वायरवालाच घ्या, डोळे झाकून. लायटर सॉकेटमध्ये लावायचा, इंजिन चालू ठेवायचं, आकडा सेट करायचा, आपोआप बंद होतो. माझा बरीच वर्षं डिकीत पडलाय, त्याला ना चार्जिंगची कटकट ना काही. फक्त एक बघा, सॉकेटवर १२० वॉट किंवा १० अँपिअर लिहिलेलं असतं बऱ्याच गाड्यांत, आणि काही पंप १५०-१८० वॉटचे असतात, मग फ्यूज उडतो आणि आपण पंपाला शिव्या देतो. मोठा घ्यायचाच असेल तर थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्या, पण हॅचबॅकला त्याची गरज नाही. वायर मागच्या टायरपर्यंत पोचते का ते आधी बघा, तीन मीटर तरी हवी.

सिडकोवाली
कसारा_पॉइंट दादा, तुमच्या गाडीला लायटर सॉकेट आहे, माझ्या स्कूटरला कुठलंय? मी बॅटरीवाला वापरते. पार्किंगमध्ये सकाळी सकाळी दोन मिनिटांत स्कूटर, मग कार, सगळं उरकतं. पेट्रोल पंपावर हवेच्या लायनीत उभं राहून तो मुलगा फोनवर बोलत बोलत नळी लावतो, आकडा आपल्याला दिसतही नाही, वर 'मॅडम दहा रुपये'. खरं तर पेट्रोल पंपावर हवा फुकट द्यायची असते, तेल कंपन्यांच्या नियमातच आहे ते, पण भांडत कोण बसणार.

काका_नाशिकरोड
आमच्या वेळी पायाचा पंप होता आणि टायरला लाथ मारली की कळायचं हवा किती आहे ते. अजूनही मी तसंच करतो. दर महिन्याला पंक्चरवाल्याकडे जायचं, तो बघतो, आपण चहा प्यायचा. कशाला हवीत ही खेळणी?

सिडकोवाली
काका, लाथ मारून हल्लीच्या रेडियल टायरचं काही कळत नाही. ट्यूबवाले जुने टायर वेगळे. रेडियलची बाजू ३३ ला पण थोडी फुगलेलीच दिसते आणि २५ ला पण जवळपास तशीच. डोळ्यांना दिसेपर्यंत हवा खूप उतरलेली असते.

काका_नाशिकरोड
बरं बाई. लाथ बंद. चहा चालू ठेवतो.

मापाडी
मी अंबडला कॅलिब्रेशनच्या कामात आहे, प्रेशर गेज हेच आमचं रोजचं. त्यामुळे पंपाच्या आधी गेजवर बोलतो, कारण मूळ प्रश्न तोच आहे आणि सगळे वायर-बॅटरीवर भांडताय.

काट्याचा जो साधा गेज असतो त्यात एक वाकडी चपटी नळी असते, बूर्डन ट्यूब, हवा आत गेली की ती सरळ व्हायला बघते आणि काटा फिरतो. या गेजची अचूकता पूर्ण स्केलच्या टक्क्यात मोजतात, वाचलेल्या आकड्याच्या टक्क्यात नाही. लोकांना हेच माहीत नसतं. चालू व्यापारी गेज बहुतेक '३-२-३' वर्गातला असतो, म्हणजे स्केलच्या मधल्या अर्ध्या भागात २ टक्के आणि दोन्ही टोकांच्या पाव-पाव भागात ३ टक्के चूक माफ. आता हिशेब बघा. पंक्चरवाल्याकडे असतो ० ते १६० चा, कारण त्याला ट्रकही करायचे असतात. तुमचे ३३ त्याच्या खालच्या पाव भागात येतात. १६० चे ३ टक्के म्हणजे ४.८ पीएसआय. म्हणजे त्याचा गेज अगदी नवा आणि नियमात बसणारा असला तरी ३३ चे ३७ दाखवू शकतो! त्याने फसवलं असं नाही, त्याचं हत्यार तुमच्या कामाचं नाही इतकंच. हाच ० ते ६० चा गेज घेतला तर ३३ बरोबर मध्यावर येतं आणि माफ चूक ६० चे २ टक्के, १.२ पीएसआय. त्याच वर्गाचा गेज, फक्त स्केल छोटी.

आणि जमिनीवर आपटलेला गेज कधीच खरा मानू नका. पंक्चरच्या दुकानात तो दिवसातून किती वेळा पडतो ते बघा एकदा. हवा न लावता काटा शून्यावर येतोय का एवढं तरी आधी बघायचं.

वायफळ_गप्पा
मग डिजिटल घ्या ना सरळ. ३३.४ दाखवतो, दशांशापर्यंत. काटा-बिटा कोण बघतंय आता.

मापाडी
दशांश दाखवणं आणि दशांशापर्यंत खरं असणं यात फार फरक आहे भाऊ. त्या डिस्प्लेला दशांश दाखवायला काही खर्च येत नाही. आत सेन्सर ±१ पीएसआयचा असेल तर ३३.४ म्हणजे ३२.४ ते ३४.४ मधलं काहीही. डिजिटल वाईट असं मी म्हणत नाही, उलट चांगला डिजिटल हाताळायला सोपा आणि पडल्यावर काट्यापेक्षा कमी बिघडतो. पण खोक्यावर अचूकता लिहिली आहे का ते शोधा. 'हाय प्रिसिजन' लिहिलंय आणि आकडा नाही, तर ठेवून द्या परत. पेनासारखा येतो ना, पट्टी बाहेर येते तो, तो खिशात ठेवायला बरा, पण त्याची पट्टी घासते आणि रेषा १-२ पीएसआयच्या अंतराने असतात.

गोदाकाठी
मापाडी दादा, हे फारच कामाचं. म्हणजे पंक्चरवाल्याच्या ३७ वर विश्वास ठेवून मी हवा काढली असती तर?

मापाडी
तर खरी हवा २९ च्या आसपास आली असती आणि तुम्ही ३३ समजून समृद्धीवर निघाला असता.

कसारा_पॉइंट
समृद्धीचं नाव निघालंच आहे तर. १२० ची मर्यादा, सिमेंटचा रस्ता, ऊन, आणि तासन्‌तास न थांबता एकाच वेगाने. कमी हवेचा टायर बाजूने सारखा दुमडतो, त्यातून उष्णता तयार होते आणि तिथेच तो फुटतो. लोकांना वाटतं जास्त हवेने फुटतो म्हणून निघताना मुद्दाम २-३ कमी करून निघतात. उलटं आहे हो ते. मध्ये आरटीओवाले एंट्रीलाच टायर बघायचे ते उगाच नाही.

गाडीवान
+१. आणि मध्ये थांबून हवा चेक केली, ३७-३८ दिसली म्हणून काढून टाकली असं करणारे पण खूप. अहो ती गरम टायरची हवा आहे, ३-५ पीएसआय वाढणारच. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. गाडी तीन तास उभी असली पाहिजे किंवा फार तर एक-दोन किलोमीटर चाललेली. गरम असताना भरायचीच वेळ आली तर स्टिकरपेक्षा ४ जास्त ठेवा आणि सकाळी थंड झाल्यावर परत बघा. काढायची मात्र नाही.

निफाडचा_गारठा
आमच्याकडे जानेवारीत या, मग कळेल थंड टायर म्हणजे काय. पहाटे पारा ५ च्या खाली जातो, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात लोक, आणि गाडी चालू केली की टायरचा पिवळा दिवा लागलेला असतो. पहिल्या वर्षी पंक्चर शोधत बसलो होतो मी. साधारण ६ अंश तापमान उतरलं की १ पीएसआय उतरतं. दुपारी ३० अंशात ३३ भरली आणि पहाटे १० अंश झालं की मीटर ३० दाखवणार, काही गळत नाहीये. म्हणून हिवाळा लागला की एकदा सकाळी भरायची आणि होळीनंतर परत एकदा बघायची. एवढं केलं तरी पुष्कळ.

ठाणे_ते_नाशिक
तापमानाचं पटलं, पण माझा अनुभव अजून वेगळा आहे. ठाण्याला भरून निघतो, नाशिकला सासरी मुक्काम, सकाळी गार टायरला चेक केलं तर १ जास्त दिसतं. तेही थंडीत! कमी दिसायला हवं ना?

वायफळ_गप्पा
सासरची हवा मानवते.

मापाडी
वायफळ :-)
ठाणेकर, तुमचा गेज बरोबर आहे. गेज टायरच्या आतलं आणि बाहेरचं यातला फरक दाखवतो. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास, इथे बाहेरच्या हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा जवळपास १ पीएसआय कमी. आतली हवा तेवढीच, बाहेरून दाबणारी कमी, म्हणून १ जास्त दिसतो. थंडीने किती कमी झालं ते त्यातून वजा होतं. दोन्ही शहरांत त्या रात्री तापमानात फार फरक नसेल तर १ जास्तच दिसणार. यासाठी हवा काढायची वगैरे काही गरज नाही.

ठाणे_ते_नाशिक
कसारा घाट चढला की १ पीएसआय बोनस. हे बायकोला सांगतो.

आयटी_पार्क_कधी
सगळे एवढे प्रेशर प्रेशर करताय, नायट्रोजन भरा आणि विसरा. मी तेच करतो.

गाडीवान
नायट्रोजन पण गरम झाला की तेवढाच वाढतो, भौतिकशास्त्र त्याला सूट देत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तो तर फुकट मिळतो. फायदा एवढाच की तो कोरडा असतो, आत पाण्याचा अंश नाही. विसरायचं तर अजिबात नाही, गळायचा तो गळतोच.

आयटी_पार्क_कधी
पण हिरवी टोपी मिळते ना व्हॉल्व्हला.

सिडकोवाली
मुद्द्यावर येऊया का. गोदाकाठींनी पंप विचारलाय. बॅटरीवाल्याचे तोटे मीच सांगते, कारण मी वापरते. चार टायर थोडे थोडे भरायला एक चार्ज पुरतो, पण एखादा टायर पूर्ण बसलेला असेल तर तो एक भरतानाच पंप तापतो, थांबावं लागतं. आणि सगळ्यात मोठं, वेळेला चार्ज असायला हवा. मी महिन्याला हवा बघायच्या आदल्या रात्री चार्जिंगला लावते, नाहीतर विसरायला होतं.

पंचवटीचा_पक्या
ताई अजून एक राहिलं. बॅटरीवाला पंप मे महिन्यात डिकीत ठेवू नका कोणी. माझा ठेवला होता, कंपनीचं नाव घेत नाही, तर फुगला बाहेरून. उन्हात बंद गाडीत ६० अंशांच्या वर जातं आणि लिथियमला ते झेपत नाही. घरी ठेवायचा, प्रवासाला निघताना घ्यायचा. मग रस्त्यात अचानक पंक्चर झालं तर तो घरी असतो, हा वेगळा विनोद.

कसारा_पॉइंट
म्हणूनच म्हणतोय वायरवाला!!

गणिताचा_मास्तर
खोक्यावर '१५० पीएसआय' मोठ्या अक्षरात असतं त्याला भुलू नका. आपल्याला ३३ लागतात, १५० काय करायचेत. बघायचं ते मिनिटाला किती लिटर हवा देतो ते. हिशेब करू. १८५/६५ आर १५ मध्ये अंदाजे २८ लिटर जागा असते. २५ वरून ३३ करायचे म्हणजे ८ पीएसआय, १४.५ पीएसआय म्हणजे १ बार, साधारण बाहेरच्या हवेच्या दाबाइतका, तेव्हा ०.५५ बार गुणिले २८, झाली १५ लिटर बाहेरची हवा. पूर्ण बसलेल्या टायरला ३३ पर्यंत लागते साधारण ६४ लिटर. आता खोक्यावर ३० लिटर लिहिलं असेल तर तो आकडा बहुतेक वेळा समोर काही दाब नसतानाचा असतो, टायरमध्ये दाब चढला की पंपाचा वेग मंदावतो, निम्म्यावर येतो असं धरा. म्हणजे एकेक टायर वर आणायला मिनिट, आणि बसलेल्याला चार-पाच मिनिटं. यापेक्षा कमी वेळेत भरतो असं छोट्या पंपाचं कोणी सांगत असेल तर सांगू द्या.

आणि 'सलग १० मिनिटं चालवा, मग थांबा' असं पुस्तिकेत असतं ते पाळा. आतली पिस्टनची सील तापून जाते.

वायफळ_गप्पा
मास्तर, शाळेत असं शिकवलं असतं तर पास झालो असतो.

गाडीवान
पंप चालू असताना दिसणारा आकडा पण खरा नसतो बरं का. नळीत दाब तुंबलेला असतो, तो जास्त दाखवतो. थांबला की १-२ खाली येतो. चांगले पंप मध्ये थांबून मोजतात, स्वस्तातले ३३ दिसले की बंद, आणि प्रत्यक्षात ३१. म्हणून वेगळा गेज हवाच. काढताना जी फुस्स येते ती बहुतांशी नळीतली हवा असते, कारच्या टायरला त्याने फरक पडत नाही, सायकलला पडतो.

गोदाकाठी
सायकलचं बरं आठवलं. मुलाच्या सायकलीला पंपाची नळी बसेल का?

चाकवाला
गिअरची सायकल असेल तर बहुतेक कारसारखाच जाड व्हॉल्व्ह असतो, बसेल. आपली साधी काळी सायकल असते तिचा व्हॉल्व्ह वेगळा, त्याला पितळी अडॅप्टर लागतो, बऱ्याच पंपांबरोबर येतो नाहीतर सायकलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत. पण त्या साध्या व्हॉल्व्हवर गेजने हवा नीट मोजता येत नाही, हवा फक्त आत जाते, बाहेर गेजकडे येत नाही. तिथे काकांची पद्धत, अंगठ्याने दाबून बघायचं.

काका_नाशिकरोड
शेवटी आलात ना आमच्याकडेच.

नवीन_सभासद_मेरी
एक बाळबोध प्रश्न. टायरवरच लिहिलेलं असतं ना 'मॅक्स ५१ पीएसआय', मग तेवढी का नाही भरायची?

गाडीवान
ती टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीची शिफारस नाही. तोच टायर वेगवेगळ्या गाड्यांना लागतो. दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो तोच पाळायचा, आणि पाच माणसं आणि सामान असेल तर त्याच स्टिकरवर वेगळा आकडा असतो. सध्या सिंहस्थाच्या कामांनी जागोजागी खोदलंय, जास्त हवा ठेवली की खड्ड्यात टायर आणि मणका दोन्ही जातात.

तर्रीबाज
मणक्याचा गेज कुठे मिळतो?

रातराणी_इंदिरानगर
टोपीऐवजी व्हॉल्व्हवर बसवायचे सेन्सर येतात, डॅशबोर्डवर चार आकडे दिसतात. ते लावले तर गेज-बिज काही नको ना?

मापाडी
उपयोगी आहेत, पण काम वेगळं. हळूहळू हवा जातेय का, चालत्या गाडीत अचानक उतरली का, हे ते सांगतात आणि त्यासाठी घ्याच. अचूक आकड्यासाठी मात्र नाही, १-२ चा फरक असतो. आणि धातूचे सेन्सर धातूच्या व्हॉल्व्हवर वर्षानुवर्षं न काढता ठेवले की गंजून जाम होतात, मग व्हॉल्व्हच कापावा लागतो. मधूनमधून काढून परत लावायचे.

गोदाकाठी
सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगतो. ० ते ६० चा काट्याचा गेज घेतला, रबराचं कव्हर आणि हवा सोडायचं बटण असलेला, आणि पंप वायरवाला, १२० वॉटचा. बॅटरीवाल्याचा मोह होता पण डिकीत कायम राहणारा हवा होता, पक्याचं वाचून ठरवलं. स्कूटर कारच्या शेजारी लावून नळी तिच्यापर्यंत पोचते, त्यामुळे तेही जमलं. सकाळी थंड टायरला चेक केलं तर नवा गेज आणि गंगापूर रोडचं मशीन जवळपास जुळतात, पंपातला आकडा मात्र २ ने जास्त असतो. म्हणून पंपावर ३५ सेट करतो आणि गेजवर ३३ येते.

मापाडी
हे उत्तम. तो २ चा फरक दरवेळी २ च राहतो का बघत रहा. नेहमी सारखाच चुकणारा पंप चालतो, रोज वेगळा चुकणारा नाही.

सिडकोवाली
वायरवाला घेतलात, हरकत नाही. मार्केटमध्ये स्कूटर बसली की फोन करा, माझा आणून देते.

निफाडचा_गारठा
धागा वर आणतोय, कारण गोदाकाठींचं झालं, आता माझं. बागेतला छोटा ट्रॅक्टर आहे, मागच्या टायरला कंपनीने १२-१४ सांगितलंय आणि आत पाणी भरलेलं आहे वजनासाठी. ० ते ६० चा गेज तिथे चालेल का?

मापाडी
१२-१४ म्हणजे ० ते ६० च्या पण खालच्या पाव भागात. ० ते ३० चा घ्या. आणि पाणी असलेल्या टायरला व्हॉल्व्ह सगळ्यात वर, घड्याळात बारा असतात त्या जागी आणून मोजा, तिथे हवा असते. खाली ठेवून मोजलं तर गेजमध्ये पाणी जातं आणि साध्या गेजची नळी आतून गंजते. पाण्यासाठी वेगळा गेज मिळतो, शेतीच्या टायरवाल्याकडे विचारा. पुढच्या टायरला जास्त हवा लागते, ती याच ३० च्या गेजने मोजायला जाऊ नका, काटा टोकाला आपटेल.

निफाडचा_गारठा
म्हणजे एका ट्रॅक्टरला दोन गेज. बरं. घेतो.

काका_नाशिकरोड
दोन गेज आणि एक चहा.